प्रस्तावना : घडता घडता राहिलेली किडनी

मराठीत माणूस घाबरला की त्याच्या पोटात गोळा येतो. या पुस्तकात ज्या मुलांबद्दल लिहिलं आहे त्यांच्या पोटात खराखुरा गोळा असतो, आणि भीतीचा गोळा त्यांच्या आईच्या पोटात. बहुतेक वेळा तो सापडतो अंघोळीच्या वेळी. तेल लावताना, अंग चोळताना, चड्डीची नाडी बांधताना आईचा हात थबकतो. बरगडीच्या खाली एका बाजूला काहीतरी घट्ट, गुळगुळीत लागतं. मूल तर हसतंय, खेळतंय, वरणभात मागून खातंय. ताप नाही, पोट दुखत नाही. आजी म्हणते, अंग धरलंय पोरानं. शेजारच्या काकू म्हणतात, जंत झाले असतील. जवळचे डॉक्टर पानथरी वाढली असेल असं म्हणून औषध लिहून देतात. आठ-पंधरा दिवस असे जातात, आणि मग सोनोग्राफीच्या खोलीत स्क्रीनकडे बघता बघता कुणीतरी गप्प होतं.

विल्म्स ट्यूमर हे त्या गोळ्याचं नाव. लहान मुलांच्या किडनीत होणाऱ्या कॅन्सरपैकी १०तले ९ हेच असतात. साधारण १०,००० मुलांमागे एकाला तो होतो आणि बहुतेकांना वयाच्या ५ वर्षांच्या आत. जिथे उपचार वेळेवर आणि पुरते मिळतात तिथे १० पैकी ९ मुलं बरी होतात. हे वाक्य मी मुद्दाम इतक्या लवकर लिहिते आहे. हे पुस्तक उघडणाऱ्यांपैकी काहींना बाकी काहीही वाचण्याआधी तेवढंच हवं असेल.

मी पॅथॉलॉजिस्ट. माझ्याकडे मुलं येत नाहीत. शस्त्रक्रियेत काढलेली त्यांची किडनी येते, फॉर्मेलिनच्या डब्यातून. पस्तीस वर्षं मी त्या किडन्या कापल्या, त्यांच्या चकत्या काचेवर बघितल्या, रिपोर्ट लिहिले. आईवडिलांशी बोलायची वेळ क्वचित यायची. अशाच एका वेळी मी एक वाक्य बोलले, त्याची टोचणी अजून गेलेली नाही. रिपोर्ट न्यायला आई, वडील, आजी आणि एक काका आले होते. वडिलांनी विचारलं, "मॅडम, आमचं काय चुकलं? असं काय खाऊ घातलं आम्ही त्याला?" मला त्यांची समजूत घालायची होती. मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही. हा आजार मूल आईच्या पोटात असतानाच सुरू झालेला असतो." वाक्य पुरं व्हायच्या आत तिघांच्या माना त्या बाईकडे वळल्या. ती जेमतेम पंचविशीची असेल. आजी हळू आवाजात म्हणाली, "ग्रहणात विळी हातात घेऊ नकोस म्हणून किती सांगितलं होतं." त्यानंतर मी बरंच काही बोलले. ते कुणाच्या कानात शिरलं नाही.

शास्त्र म्हणून माझं वाक्य बरोबर होतं. तेवढंच बोलून थांबले, ही चूक होती. 'आईच्या पोटात' आणि 'आईमुळे' यांच्यामध्ये जीवशास्त्राचा एक अख्खा धडा आहे, आणि तो धडा सामान्य माणसाला वाचता येईल अशा मराठीत मला कुठे दाखवता येत नव्हता. या पुस्तकाची लेखिका माझी विद्यार्थिनी. आता ती मुलांच्या कॅन्सरवर उपचार करते. तिने हस्तलिखित आणून दिलं तेव्हा तो धडा कुणीतरी लिहिल्याचा मला पहिला आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी मी लाल पेन्सिल घेऊन बसले. तिने जागोजागी 'जेनेटिक' असा शब्द वापरला होता. मी प्रत्येक ठिकाणी समासात एकच प्रश्न लिहिला : जनुकीय की आनुवंशिक? या प्रश्नाकडे पुढे यायचंच आहे. आधी किडनी कशी बनते ते बघू, कारण हा कॅन्सर त्या बनण्याच्याच गोष्टीतला आहे.

गर्भ पाचव्या आठवड्यात असताना मूत्रवाहिनीचा एक बारीक अंकुर फुटतो आणि शेजारच्या, काहीच आकार नसलेल्या पेशींच्या पुंजक्यात शिरतो. तिथून दोघांचं बोलणं सुरू होतं. संदेश रासायनिक असतात, तरी मी त्याला बोलणंच म्हणते, कारण एकाने हाक दिल्याशिवाय दुसरा हलत नाही. पुंजका अंकुराला सांगतो, फांद्या फोड. अंकुर पुंजक्याला सांगतो, जमून ये आणि नळी हो. अंकुराच्या फांदीफांदीच्या टोकाशी काही पेशी गोळा होतात, वळतात, लांबतात, आणि रक्त गाळणारा एक नेफ्रॉन तयार होतो. मात्र सगळ्याच पेशी नळी होऊन चालत नाही. काहींनी तसंच कोवळं राहावं लागतं, पुढच्या फांदीसाठी. दही लावताना थोडं विरजण बाजूला काढून ठेवतात, तसं. प्रत्येक फेरीला थोडं वापरायचं, थोडं राखायचं, असं महिनोन्‌महिने चालतं. गर्भ ३४ ते ३६ आठवड्यांचा झाला की शेवटचं विरजणही वापरून टाकलं जातं आणि भांडं रिकामं होतं. दर किडनीत सरासरी १० लाखांच्या आसपास नेफ्रॉन, कुणाकडे बरेच कमी, कुणाकडे बरेच जास्त. त्या बाळाला आयुष्यभर तेवढेच पुरवायचे असतात, नवा एकही बनत नाही.

कधी कधी भांडं पूर्ण रिकामं होत नाही. किडनीच्या एखाद्या कोपऱ्यात कोवळ्या पेशींचा ठिपका तसाच राहून जातो. त्याला गर्भीय अवशेष म्हणता येईल. शवविच्छेदनात तान्ह्या बाळांच्या किडन्या बारकाईने तपासल्या तेव्हा साधारण १०० बाळांत एकाकडे असे अवशेष सापडले. गाठ होते १०,००० मुलांत एकाला. ढोबळ हिशेब केला तरी कळतं की अवशेष राहिलेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत पुढे काहीच होत नाही. ठिपका उशिरा का होईना पिकतो, किंवा सुकून त्याचा वण उरतो. थोड्यांच्या बाबतीत तो वाढायला लागतो. मोठ्या माणसाच्या कॅन्सरमागे पुष्कळदा वर्षानुवर्षांची झीज असते, तंबाखूची, उन्हाची, वयाची. तीन वर्षांच्या मुलाकडे झिजायला वर्षंच कुठे असतात? त्याच्या गाठीत बांधकाम चालू असतं, थांबण्याचा निरोप न पोचलेलं.

काचेवर हे स्पष्ट दिसतं, आणि खरं सांगायचं तर ते सुंदर दिसतं. एका बाजूला गर्द निळ्या-जांभळ्या, गच्च भरलेल्या पेशी, खसखस सांडल्यासारख्या. हा ब्लास्टेमा, म्हणजे ते विरजण. त्याच्यातच मध्ये मध्ये नळ्या उमटू लागलेल्या, काही ठिकाणी तर रक्ताच्या गाळणीचे अर्धवट गोळे. आणि या दोन्हींना धरून ठेवणारी सैल, फिकट गुलाबी ऊती. तिच्यात क्वचित पट्टेदार स्नायूचे तंतू सापडतात, क्वचित कूर्चा. किडनीत स्नायू कुठून आला, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना फार छळत होता. लाइपझिगमध्ये काम करणाऱ्या माक्स विल्म्स या तरुण जर्मन शल्यविशारदाने १८९९ साली अशा 'मिश्र गाठीं'वर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि म्हटलं की या सगळ्या ऊती एकाच कोवळ्या गर्भपेशीतून निघाल्या असाव्यात. या गाठी त्याच्याआधीही इतरांनी पाहिल्या होत्या. त्याचं नाव चिकटलं ते त्याने त्यांना एका सूत्रात ओवलं म्हणून. पुढे महायुद्धात एका फ्रेंच युद्धकैद्याच्या घशावर शस्त्रक्रिया करताना त्याला घटसर्प जडला आणि १९१८ मध्ये पन्नाशीतच तो गेला. त्याचं म्हणणं खरं ठरायला आणखी १०० वर्षं लागली. २०१८ मध्ये या गाठींतल्या एकेक पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते वाचता आलं, आणि त्या पेशी गर्भाच्या किडनीतल्या पेशींशी जुळल्या.

आता जनुकांकडे. या कहाणीचा धागा पहिल्यांदा हाती लागला तो डोळ्यात. १९६४ मध्ये अमेरिकेत मिलर, फ्राउमेनी आणि मॅनिंग या तिघांनी विल्म्स ट्यूमर झालेल्या ४४० मुलांच्या नोंदी चाळल्या. त्यांतल्या ६ मुलांच्या डोळ्यांत परितारिका, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, जन्मतः नव्हता. हा दोष इतका दुर्मीळ की पन्नास हजार ते लाख माणसांत एखाद्याला असतो. ४४० मध्ये ६ हा योगायोग असूच शकत नव्हता. कॅन्सर किडनीत, खूण डोळ्यात, काहींच्या जननेंद्रियांत, काहींच्या बुद्धीच्या वाढीत. याचा अर्थ, या सगळ्यांची जनुकं कुठेतरी एकमेकांना लागून असली पाहिजेत. १९७० चं दशक सरता सरता जागा सापडली : ११ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरचा एक तुकडाच या मुलांत गळालेला होता. १९९० मध्ये त्या तुकड्यातून डब्ल्यूटी-१ हे जनुक वेगळं काढण्यात आलं. पडदा घडवणारं पॅक्स-६ त्याच्या जवळच निघालं. तुकडा गळला की दोन्ही जातात, एवढंच त्या कोड्याचं उत्तर होतं. जुन्या नोंदींची कपाटं चाळून, कुठल्याही यंत्राशिवाय, तिघा माणसांनी त्याचं पहिलं टोक पकडलं होतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट दरवर्षी सांगत असे आणि दरवर्षी मला ती तितकीच आवडे.

डब्ल्यूटी-१ काय करतं? ते बाकीच्या जनुकांना हुकूम सोडतं. आधी ते त्या निराकार पुंजक्याला जगवतं आणि अंकुराची हाक ऐकायला लावतं. मग पेशींना नळी व्हायला सांगतं. रक्ताच्या गाळणीत तर ते जन्मभर कामावर असतं. १९९३ मध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले तेव्हा त्यांच्यात किडन्या बनल्याच नाहीत. हे वाचून पहिल्यांदा मी गोंधळले होते. जनुक गेलं की किडनीच बनत नाही, तर मग गाठ कशी बनते? उत्तर वेळेत आहे. अगदी सुरुवातीपासून ते नसेल तर बांधकामाला हातच लागत नाही. ऐन बांधकामात एखाद्या पेशीतून ते गेलं, तर ती पेशी वाढू शकते, पण नळी कशी व्हायचं ते विसरलेली असते.

दरम्यान आल्फ्रेड नडसन यांनी डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, एका कॅन्सरवरून मांडलेली दोन घावांची कल्पना सगळीकडे गाजत होती. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही निकामी झाल्या तर कॅन्सर. एक घाव जन्मतःच घेऊन आलेल्या मुलाला दुसरा एकच पुरतो, म्हणून त्याला आजार लवकर होतो आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंना होतो. १९७२ मध्ये नडसन आणि लुईस स्ट्राँग यांनी हाच नियम विल्म्स ट्यूमरला लावून पाहिला आणि अंदाज केला की तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुलांत घाव आनुवंशिक असेल. तो अंदाज चुकला. घरात आणखी कुणाला हा आजार आहे अशी मुलं १०० त एक-दोनच निघतात. डब्ल्यूटी-१ मधला बिघाडही पाच-सहा गाठींमागे जेमतेम एकीत सापडतो. कल्पना चांगली होती, पण ही गाठ तिच्या मापात बसली नाही. लेखिकेने या अपयशाला चार पानं दिली आहेत, ती मला या पुस्तकातली सगळ्यात मोलाची वाटतात. एका जनुकाच्या शोधाने आजार उलगडला, असं शाळेच्या पुस्तकासारखं लिहून मोकळं होणं तिला सहज शक्य होतं.

आज या गाठींत बिघडणारी ४० च्या आसपास जनुकं माहीत आहेत. त्यांची यादी मी इथे देत नाही. लक्षात येण्यासारखी गोष्ट अशी की त्यांतली पुष्कळशी गर्भात किडनी बांधण्याच्याच कामावरची आहेत. काही विरजण राखतात, काही नळीचा हुकूम पोचवतात, आणि ड्रोशा किंवा डीजीसीआर-८ यांच्यासारखी काही, पेशीला कोवळेपण सोडायला लावणारे छोटे आरएनए कातून तयार करतात. आणि एकेका गाठीत बिघाड किती? मोठ्यांच्या कॅन्सरच्या मानाने अगदी मोजके. थोडेसेच बदल, पण चुकीच्या आठवड्यात.

आता लाल पेन्सिलीचा प्रश्न. डॉक्टर 'जेनेटिक' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात असतं : पेशीतल्या जनुकात बदल झाला आहे. ऐकणाऱ्याच्या मनात उमटतं : खानदानी आहे. कुणाच्या बाजूचं, असा पुढचा प्रश्न घरी पोचायच्या आत, रिक्षातच सुरू होतो. मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत हे आपलं भाग्यच म्हणायचं. जनुकीय म्हणजे जनुकांतला. आनुवंशिक म्हणजे वंशातून आलेला. प्रत्येक कॅन्सर जनुकीय असतो, फुप्फुसाचाही आणि तोंडाचाही. आनुवंशिक फार थोडे. विल्म्स ट्यूमरच्या बहुतेक मुलांत बदल फक्त गाठीत असतो, रक्तात नसतो, आईवडिलांत नसतो. पेशी दुभंगताना सहा अब्ज अक्षरांची नक्कल करावी लागते, आणि नक्कल करणाऱ्याच्या हातून एखादं अक्षर सुटतं. आईने काय खाल्लं, विळी हातात घेतली की नाही, प्रवास केला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. गरोदरपणातल्या अमुक एका गोष्टीने हा आजार होतो असं आजवर ठामपणे सिद्ध झालेलं नाही, आणि ग्रहणाने तर होतच नाही. साधारण १० तल्या एका मुलात बदल जन्मापासून शरीरभर असतो. त्यांच्यातही तो पुष्कळदा त्या मुलापासूनच सुरू झालेला असतो, आईवडिलांचं रक्त तपासलं तर सापडत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती ऐकून ती आजी गप्प झाली असती असं मला अजून वाटतं. डब्ल्यूटी-१ पासून थोड्या अंतरावर, त्याच ११ व्या गुणसूत्राच्या टोकाशी, आयजीएफ-२ नावाचं वाढीचं जनुक आहे. त्याच्या दोन प्रतींपैकी फक्त वडिलांकडून आलेली चालू असते, आईकडून आलेली बंद. वडिलांच्या प्रतीजवळ एक रासायनिक खूण असते आणि तिच्यामुळे वाढीचा नळ उघडा राहतो. आईच्या प्रतीवर ती खूण नसते, म्हणून तिथला नळ बंद आणि शेजारचं एच-१९ हे जनुक चालू. विल्म्सच्या अनेक गाठींत घडतं ते असं : आईची प्रत हरवते आणि तिच्या जागी वडिलांच्या प्रतीची दुसरी नक्कल बसते, किंवा आईच्या प्रतीवरही ती खूण उमटते. मग दोन्ही नळ उघडे. हे सगळं गर्भातल्या एखाद्या पेशीत आपोआप होतं, त्यात वडिलांचाही काडीचा दोष नाही. पण निसर्गाने लगाम आईकडून आलेल्या प्रतीच्या हाती दिला होता आणि तो सुटला, एवढं तरी त्या घराने ऐकायला हवं होतं. हाच बदल शरीराच्या मोठ्या भागात झाला तर मूल बेकविथ-वीडेमान लक्षणसमूह घेऊन जन्मतं. जीभ मोठी, बेंबीजवळ आतडी बाहेर आलेली, कधी शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी. अशा मुलांना सात-आठ वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात. गाठ झालीच तर ती लिंबाएवढी असताना सापडावी, नारळाएवढी झाल्यावर नको.

२०१९ मध्ये केंब्रिजजवळच्या वेलकम सँगर संस्थेतल्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली, तिने माझी झोप उडवली होती. त्यांनी गाठीशेजारची चांगली किडनी तपासली. मी ज्या भागाला आयुष्यभर रिपोर्टात 'सामान्य' असं लिहीत आले, तोच. अनेक मुलांत त्या निरोगी दिसणाऱ्या किडनीचे मोठे पट्टेच्या पट्टे एकाच पूर्वज पेशीपासून वाढलेले निघाले, आणि एच-१९ जवळची ती चुकीची खूण त्यांच्यावर आधीच होती. मायक्रोस्कोपखाली काहीही वेगळं दिसत नाही. गाठ ही त्या झाडाची शेवटची फांदी, बुंधा शेजारच्या शाबूत किडनीत. काही मुलांत तर तो बुंधा डावी आणि उजवी किडनी वेगळी होण्याच्याही आधीचा असतो. दोन्ही बाजूंना एकदम गाठी का होतात याचा एक उलगडा त्यातून होतो. पस्तीस वर्षं मी लिहिलेला 'सामान्य' हा शब्द माझ्या डोळ्यांपुरता खरा होता.

सगळ्या गाठी सारख्या नसतात. ज्यांच्या पेशींची केंद्रकं अवाढव्य आणि वेडीवाकडी होतात त्या थोड्या गाठी औषधाला दाद देत नाहीत, आणि त्यांत बहुधा टीपी-५३ हे जनुक बिघडलेलं असतं. पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेची जादा प्रत असेल तर गाठ परतण्याची भीती अधिक. मुलांच्या किडनीत विल्म्सखेरीज दुसरे कॅन्सरही होतात, त्यांची जनुकं वेगळी आणि औषधंही वेगळी. सहाव्या प्रकरणात त्यांची ओळख आहे, आणि ज्यांच्या रिपोर्टवर ती नावं आहेत त्यांनी थेट तिथेच जावं.

उपचारांबद्दल लेखिका माझ्याहून अधिकाराने लिहिते. मी दोनच गोष्टी जोडते. या मुलांना मिळणारं व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीपासून काढतात. हो, आपल्या अंगणातली, कुंपणाशी आपोआप उगवणारी सदाफुली. हे कळल्यावर तिच्या पानांचा काढा करून मुलाला पाजणारे आईवडील मी पाहिले आहेत, म्हणून हात जोडून सांगते, तसं करू नका. पानांत किती औषध आहे याचा काही नेम नसतो, आणि त्यांत नसांना आणि रक्ताला घातक अशी द्रव्यंही असतात. दुसरी गोष्ट गाठीच्या आकाराची. आपल्याकडे मुलं उशिरा पोचतात, गाठी मोठ्या असतात, म्हणून अनेक ठिकाणी आधी काही आठवडे केमो देऊन मग शस्त्रक्रिया करतात. एवढं करून गाठ फारशी लहान झाली नाही की आईवडील खचतात. केमोने मरतो तो मुख्यतः ब्लास्टेमा. सैल ऊती आणि स्नायू तसेच उरतात, त्यामुळे आकार टिकतो पण गाठीतला जोर गेलेला असू शकतो. खरी परिस्थिती किडनी काढून कापल्यावरच कळते. त्या रिपोर्टाला आठ-दहा दिवस लागतात. ते दिवस कसे जातात याची मला कल्पना आहे, तरीही घाई करू नका. आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत मुलाचं पोट दाबून बघू नका आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाबू देऊ नका. गाठीचं आवरण आतल्या आत फाटलं तर उपचार वाढतात, कधी रेडिएशनचे शेकही द्यावे लागतात.

एका मुद्द्यावर माझा लेखिकेशी मतभेद आहे. ती म्हणते, विल्म्स झालेल्या प्रत्येक मुलाच्या रक्ताची जनुकीय तपासणी व्हावी. जगाचा कल तिकडे आहे, आणि बाहेरून काहीच खूण नसलेल्या मुलांतही जन्मजात बदल सापडतो हे खरं आहे. दोन्ही किडन्यांत गाठ, अगदी कोवळं वय, डोळ्याचा किंवा जननेंद्रियाचा दोष, लघवीतून प्रथिनं जाणं, घरात आणखी कुणी रुग्ण, यांपैकी काही असेल तर तपासणी हवीच, त्यात वाद नाही. माझी अडचण तपासणीनंतरच्या दिवसाची आहे. तो कागद घेऊन कुटुंब घरी जातं तेव्हा त्याचा अर्थ सांगायला सोबत कुणी नसतं. मुलाच्या थोरल्या बहिणीचं लग्न त्या एका शब्दावर अडलेलं मी पाहिलं आहे, आणि तिच्या रक्तात काहीही नव्हतं. रक्त घेण्याआधी तासभर बसून बोलणारं माणूस जिथे आहे तिथे तपासणी जरूर करावी. जिथे नाही, तिथे आधी ते माणूस नेमावं. लेखिका म्हणते, त्याची वाट बघत बसलो तर दहा वर्षं जातील. तिचंही चुकत नाही. आम्ही दोघींनी हा वाद पुस्तकात तसाच ठेवला आहे.

निवृत्त व्हायच्या थोडं आधी एक मुलगी प्रयोगशाळेत आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, नोकरी करणारी. लहानपणी तिची एक किडनी काढली होती, गाठ एकाच बाजूला होती, बाकी कुठलाही दोष नाही. लग्न ठरत होतं. तिला विचारायचं होतं की आपल्याला मूल झालं तर त्याला हे होईल का. मी सांगितलं की तिच्यासारख्यांच्या मुलांना धोका फारच कमी असतो, आणि मनात किंतू नको असेल तर रक्त तपासता येईल. त्यासाठी कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, ते एका कागदावर लिहून दिलं. मग तिने जरा संकोचून विचारलं, "ती गाठ अजून आहे का तुमच्याकडे?" मेणाचा ब्लॉक होता. जुनी काचही सापडली, रंग थोडा उतरलेला. मी ती मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. खसखशीसारखा भाग दाखवला, नळ्या दाखवल्या, मग एका कोपऱ्यातला अर्धा वळलेला गाळणीचा गोळा.

"हे माझं आहे?"

"तुझंच. तुझी किडनी, बनता बनता राहिलेली."

ती बराच वेळ बघत होती. मग डोळा न काढताच म्हणाली, "किती आठवड्यांचं असेल हे?"

"गर्भात असतं तर आठ-नऊ आठवड्यांचं."

तिने हाताने चाचपडत तो कागद पर्समध्ये ठेवला आणि काच थोडी सरकवायला सांगितली, शेजारचा भाग बघण्यासाठी.